लंगड्या देवाचा डावा पाय

"नाव ऱ्हाऊ दे. काम काय करे, ते सांग."

कुणाचीही गोष्ट काढली की नाना आधी त्यांच्या खानदेशी बोलीत हे म्हणायचे. म्हणताना उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायचे, जसा काही त्या दोन बोटांत एक तार आहे आणि तो जोडायचा राहून गेलाय. हातात तार नसला तरी बोटं चालूच. चहा पिताना, रिक्षाची वाट बघताना, कुणाच्या मयताला जाऊन बसले तरी.

गुजरातेत, उधन्यातल्या आमच्या लूमच्या कारखान्यात ते तार सांधायचं काम करत. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना सांगतो. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, मागच्या बाजूला बीम असतो: ताण्याच्या, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांच्या, हजारो तारांचा एक जाडजूड रूळ. तो संपत आला की नवा बीम चढवतात. पण जुन्याचे तार काढून टाकत नाहीत. त्यांची टोकं फणीत तशीच ठेवतात आणि नव्या बीमच्या एकेका ताराचं टोक जुन्याच्या एकेका टोकाला हाताने जोडतात. मग सगळं मिळून पुढे ओढलं की नवा ताणा जुन्याच्याच वाटेने जागेवर जाऊन बसतो. नाना बोटांना चिमूटभर राख लावायचे, दोन टोकं धरायचे, एक पीळ, एक झटका, झालं. गाठ डोळ्याला दिसायची नाही. हाताला लागली तर लागली.

असं एकेक करत हजारो. मान खाली, पाठ वाकलेली.

मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात होतो. चलनं लिहिणं, व्यापाऱ्यांचे फोन घेणं, शेठ नसले की शेठसारखं बोलणं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मी. वडिलांनी त्याच भागात पंचवीस वर्षं लूम चालवले, आई साड्यांना टिकल्या चिकटवायची, आणि मी बी.ए. झालो. सांगायला लाज कसली? निकालाच्या दिवशी वडिलांनी कारखान्यात पेढे वाटले, तेव्हापासून मला कुणी नावाने हाक मारली नाही. सगळे 'बीएभाऊ' म्हणायचे. निम्मे कौतुकाने, निम्मे चेष्टेने. मला दोन्ही चालायचं.

बी.ए.वर थांबायचं नव्हतं. मी इतिहास घेऊन एम.ए.ला बसलो. शिकवणं गुजरातीत, पुस्तकं इंग्रजीत, आणि माझ्या डोक्यात काही शिरायचं तर ते मराठीतच. म्हणून मी मोठ्याने बोलून अभ्यास करायचो. आमच्या भागाला आठवड्यातून एक दिवस वीज नसायची. त्या दिवशी लूम बंद, शेठ घरी, आणि ऑफिसात मी एकटा. खिडकीपलीकडे कोपऱ्यातल्या लूमवर नाना. वीज नसली की सांधणाऱ्याला काम जास्त, कारण मशीन गप्प उभी असतात.

तो कोपऱ्यातला लूमही सांगायला हवा. त्याचा एक पाय खचला होता आणि खाली लाकडाचा ठोकळा सारून तो सरळ केलेला होता. सगळे त्याला 'लंगडा' म्हणायचे.

एका अशाच दिवशी मी प्राचीन ग्रीसचा पेपर घोकत होतो. ग्रीक लोकांचा धर्म आणि त्यांच्या देवांच्या कथा त्यांच्या सगळ्यात जुन्या काव्यात कशा उगम पावल्या, हा त्यातला हमखास येणारा प्रश्न. मी खोलीभर चकरा मारत म्हणत होतो, "ग्रीकांपाशी एकच असा धर्मग्रंथ नव्हता. देवांची नावं, त्यांची नाती, त्यांची रूपं लोकांना कवींकडून कळली. त्यांपैकी लोहारांच्या देवाला त्याच्या बापाने रागाच्या भरात आभाळातून खाली फेकलं..."

खिडकीतून आवाज आला, "मंग? फुडे काय व्हयनं?"

मी म्हणालो, "नाना, तुम्हाला समजायचं नाही. परदेशातलं आहे."

"परदेशमां बाप पोऱ्याले फेकस, आठेबी फेकस. न समजाले काय शे त्यामां?"

मग मी सांगितलं. तो देव दिवसभर पडत राहिला आणि संध्याकाळी एका बेटावर आपटला. बेटावरच्या लोकांनी त्याला उचलून नेलं, त्याची सेवा केली. पण पाय गेला तो गेलाच. लंगडत लंगडत त्याने भट्टी घातली. देवांचे वाडे, देवांची हत्यारं, सगळं यानेच घडवलं. सगळे देखणे देव त्याच्या चालण्याला हसायचे आणि त्याच्याच हातचं वापरायचे. मी त्याचं ग्रीक नाव सांगितलं.

"नाव ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "काम समजनं. फिटर शे तो. पाय कोन्ता मोडना?"

"म्हणजे?"

"डावा का उजवा?"

मी पुस्तक चाळलं. मागची सूचीसुद्धा पाहिली. "ते दिलेलं नाही."

नानांनी दोन टोकं जोडली आणि म्हणाले, "डावा. बाप काय डावखुरा नही व्हता ना? उजवा हाते फेकं म्हंजे पोऱ्या डावा अंगवर पडना."

मी हसलो. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. पुढचे कित्येक वीजबंदीचे दिवस मी सांगत गेलो आणि ते सांधत गेले. त्यांचे प्रश्न परीक्षेत कधीच येणार नाहीत असे. समुद्राचा देव पाणी कुठलं पितो? देवांची बायकामाणसं स्वयंपाक करतात का नुसत्या भांडतात? एकदा मी सांगितलं की लंगड्याने अशी मेजं बनवली होती जी आपली आपण चालत देवांच्या सभेत जायची आणि काम झालं की परत यायची.

"आटोमॅटिक!" नाना म्हणाले. मग त्यांची बोटं थांबली. थांबलेली मी फार थोड्या वेळा पाहिली. "मंग पयले जे हाते उचलीसन लयी जायेत, त्यासनं काय व्हयनं?"

तेही पुस्तकात नव्हतं.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याला आपण एक गोष्ट सांगावी आणि चार दिवसांनी ती त्याच्या तोंडून ऐकताना आपल्यालाच वाटावं की हे आपण कधी ऐकलं नव्हतं.

एका वीजबंदीच्या दिवशी दुपारी चारला मी चहाला खाली उतरलो. कारखान्याच्या पायऱ्यांवर सुट्टी मिळालेले पंधरा-वीस कारागीर बसलेले. कुणाच्या हातात बशी, कुणाच्या विडी. मधल्या पायरीवर नाना. पाय लांब केलेले, बोटं चालू. लंगड्या देवाची गोष्ट ऐन रंगात आलेली.

माझीच गोष्ट. पण माझ्या गोष्टीत तो देव एका वाक्यात खाली पडला होता. नानांच्या गोष्टीत तो सकाळपासून पडत होता. पडता पडता त्याला शेतं दिसत होती, भाकरी थापणाऱ्या बाया दिसत होत्या, दुपारी त्याला तहान लागली. "आनि वरथून माय देखी ऱ्हायनी," नाना म्हणाले, "पन एक शबूद बोलनी नही. नवराले घाबरे." बेटावरच्या म्हातारीने त्याच्या डाव्या पायाला हळद-तेल लावलं, चिंध्या बांधल्या, आणि विचारलं, बेटा कुठून आलास? तर तो आभाळाकडे न बघता म्हणाला, घरून.

बसलेल्यांपैकी एकाने डोळे पुसले.

ते माझे वडील होते.

माझे वडील! मी बी.ए.ची तीन वर्षं घरात मोठ्याने वाचत होतो, तेव्हा ते कूस बदलून म्हणायचे, "जरा हळू वाच रे, पाळी करून आलोय." ते या पायरीवर तोंड उघडं टाकून बसले होते. संध्याकाळी जेवताना मला म्हणाले, "नानाने आज काय गोष्ट सांगितली, ऐक." आणि मला, मला, माझीच गोष्ट सांगायला बसले. सांगून झाल्यावर वर विचारलं, "तुमच्या कॉलेजात असलं काही शिकवतात का?"

मी म्हणालो, "आपल्या घरात देव नाहीत. तुम्हीच सगळे गावाकडे सोडून आलात. बुद्धापुढे मेणबत्ती लावता आणि तिकडे देवाच्या गोष्टीला रडता?"

वडील शांतपणे म्हणाले, "अरे, तो कुठला देव? लंगडा फिटर आहे बिचारा."

पुढच्या खेपेला मी पायऱ्यांवर मुद्दाम उभा राहिलो. गोष्ट अर्ध्यावर असताना मोठ्याने म्हणालो, "हे सगळं मी सांगितलंय नानांना. माझ्या पेपरात आहे."

नाना लगेच म्हणाले, "बराबर. बीएभाऊनंच सांगेल शे हाई. तो नसता ते माले काय समजतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहून माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालंही, "वा, बीएभाऊ." आणि लगेच, "हां नाना, मंग फुडे?"

त्यांनी माझं नाकारलं असतं तर मला भांडता आलं असतं. त्यांनी सगळं मला देऊन टाकलं आणि तरी लोक त्यांच्याचकडे वळून बसले. याचा राग कुठे काढायचा?

मी सांगणं बंद केलं. खिडकी लावून घ्यायला लागलो. नानांनी काचेवर टकटक केली तर म्हणालो, "तो भाग संपला, आता राज्यकारभार चालू आहे." एकदा फारच मागे लागले तेव्हा मी मुद्दाम त्यांना देवांची वंशावळ ऐकवली. एक जुना कवी मेंढपाळ होता. डोंगरावर गाण्याच्या देवी आल्या, त्यांनी त्याला काठी दिली आणि मग त्याने कोण कुणापासून जन्मला ते सगळं गायलं. मी नावांमागून नावं म्हणत गेलो. कंटाळून जातील अशी आशा होती.

ते सांधत राहिले. शेवटी म्हणाले, "मन्ही आजी कानबाईनं गानं म्हने. श्रावणमां नारळले देवी कराना, साडी नेसाडानी, रातभर गानं. कानबाई कोठून उनी, कोना संगे लगीन लागनं, समदं गानामां. पोथी नही. तुन्हा मेंढपाळनीबी पोथी नही ना?"

"नाही. गातच सांगायचे. आणि गाणं सुरू करताना कवी देवीलाच म्हणायचे, तू सांग."

"म्हंजे त्यानंबी सोताचं नाव नही लावं," नाना म्हणाले. त्यांना फार आनंद झालेला दिसला. मला मात्र आणखीच चीड आली, कारण तीन संदर्भग्रंथ वाचून मला जे सुचलं नव्हतं ते त्यांनी राख लावता लावता म्हणून टाकलं होतं.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला मशीन धुतात, तेल पुसतात, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, प्रत्येक खात्यात एक नारळ. त्या वर्षी मी सकाळी गेलो तर कोपऱ्यातल्या लंगड्या लूमच्या ठोकळ्यावर वेगळा नारळ. त्याला कुंकू, पुढे एक सुटा स्पॅनर, आणि लूमच्या डाव्या पायाला हळदीत भिजवलेली चिंधी बांधलेली.

मी विचारलं, "हे काय?"

एक कारागीर म्हणाला, "लंगड्या देवाचं. वर्षभर हा लूम बंद पडला नाही पाहा."

कुणाची कल्पना, ते कुणी सांगेना. नानांचीही नव्हती. ते स्वतः चष्मा वर करून चिंधीकडे बघत होते. मी तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मला अभ्यासाच्या दृष्टीने आनंद व्हायला हवा होता. माझ्या पेपरातला प्रश्न माझ्या डोळ्यांपुढे घडला होता. गोष्ट आधी, देव नंतर. पण माझ्या मनात एवढंच आलं की मी बोललो तेव्हा कुणी झेंडूचं एक फूलही वाहिलं नव्हतं.

तेवढ्यात शेठ आले. सगळ्या मशीनला हात जोडत कोपऱ्यात पोचले आणि थांबले. "आ कया भगवान छे?"

मी पुढे झालो.

मी फार चांगलं बोललो त्या दिवशी. शुद्ध गुजरातीत. म्हणालो, शेठ, हा देवबिव काही नाही. ही ग्रीस देशातली जुनी कल्पना आहे, कवींनी रचलेली. तिकडेसुद्धा आता याला कुणी पुजत नाही. माझ्या एम.ए.च्या अभ्यासातली गोष्ट नानांनी ऐकली आणि इथे अडाणी माणसांना देव म्हणून दिली. हा अंधविश्वास आहे.

शेठ हसायला लागले. नानांकडे बघून म्हणाले, "काका, तमे पण? विलायती भगवान लई आव्या?" आणि जाता जाता हात उडवला, "काढी नाखो."

मीच नारळ उचलला. चिंधीही मीच सोडली. कारागीर एकेक करून पांगले. नाना तिथेच उभे होते. मला वाटलं, आता चिडतील. ते अगदी हळू म्हणाले, "तू खरं बोलना. कवीनंच कया व्हई. पन बीएभाऊ, कवीनं टोक कोठून धरं?"

"काय?"

त्यांनी लंगड्याच्या मागे बोट दाखवलं. आदल्याच दिवशी तिथे त्यांनी बीम सांधला होता. "नवा बीम मी चढाडा. म्हंजे कापड मी सुरू कयं का? फनीमां पयलेनं टोक व्हतं, त्याले मी जोडं. त्याना पयले कोन्ही दुसरानं जोडेल व्हतं. मोकया लूमवर कोन्ही सांधस का? तुन्हा कवीले बी कोन्ही आजीनं टोक दियेल व्हई."

एवढं बोलून त्यांनी खिशातून राखेची डबी काढली आणि शेजारच्या लूमवर कामाला लागले. दसऱ्याच्या दिवशी.

घरी गेल्यावर वडिलांनी विचारलं, "नारळ तू काढलास म्हणे."

"तत्त्वाचा प्रश्न होता."

"तत्त्व होतं," वडील म्हणाले, "का पोटदुखी होती?"

मी उत्तर दिलं नाही. आज देतो. पोटदुखी होती.

त्यानंतर नानांनी गोष्टी सांगणं सोडलं. भांडण नाही, अबोला नाही. वीज नसली की लोक पायऱ्यांवर जमायचे, बशा रिकाम्या व्हायच्या, कुणीतरी म्हणायचं, "नाना, काही सांगा ना." ते म्हणायचे, "माले काय येस? बीएभाऊले ईचारा." मग लोक माझ्याकडे बघायचे. एकदा मी सांगून पाहिलं. शेतं घातली, भाकरी थापणाऱ्या बायाही घातल्या. दोघं-तिघं उठून गेले, एकाने जांभई दिली. वडील शेवटपर्यंत बसले, पण ते वडील होते म्हणून.

जे मला हवं होतं ते मला मिळालं होतं. नाना गप्प होते आणि पायरी माझी होती.

परीक्षेत तो प्रश्न आला. मी तासभर त्याच एका उत्तरावर बसलो. कवींनी देव निर्माण केले हे एक मत, देव आधीच होते आणि कवींनी फक्त गोळा केले हे दुसरं मत, हे सगळे लिहितात. मी पुढे लिहिलं: कवी हा ताणा सांधणारा होता. जुन्या, निनावी गाण्यांची टोकं त्याच्या हाती होती, त्यांना त्याने आपला नवा ताणा जोडला आणि पुढे ओढला. गाठ इतकी सफाईची की पुढच्यांना वाटलं, कापड इथूनच सुरू झालं. राखेची चिमूटसुद्धा लिहिली.

त्या पेपरात मी कॉलेजात पहिला आलो. सरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "आ विचार क्यांथी आव्यो? कोई पुस्तकमां तो नथी."

मी म्हणालो, "माझाच आहे, सर."

पायऱ्यांवर उभं राहून 'हे माझं आहे' म्हणून ओरडणारा मी. बरोबर वर्षाने मी हे केलं.

त्याच सुमारास कारखान्यात सांधायचं मशीन आलं. टिक टिक टिक करत एका कडेने दुसऱ्या कडेला जायचं आणि नानांच्या दिवसाचं काम एका चहाच्या वेळात उरकायचं. सगळे भोवती जमले. नानांनी चष्मा पुसून ते शेवटपर्यंत चालताना पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुन्हा लंगडानंच बनाडेल दिसस." आणि हसले. दसऱ्यानंतर ते माझ्याशी पहिल्यांदा हसले होते.

दोन महिन्यांत ते गावी निघाले. खानदेशात थोडी जमीन होती, भाऊ होता. उधना स्टेशनवर मी आणि वडील त्यांना सोडायला गेलो. गुणपत्रिका माझ्या खिशात होती. मी ठरवून गेलो होतो की सांगायचं. नाना, तुमचं वाक्य मी माझं म्हणून लिहिलं. एवढंच.

पॅसेंजर लागली. वळकटी आत टाकून ते खिडकीशी बसले. वडील म्हणाले, "नाना, पोरगा पहिला आला बरं का."

"समजनं माले." त्यांनी खिडकीच्या गजातून माझा हात धरला. त्यांचं बोट माझ्या बोटावर घासलं, सवयीने. "आपला लंगडा उना व्हता का पेपरमां?"

"आला होता."

"पाय कोन्ता लिखा?"

"डावा," मी म्हणालो.

मी पायाचं काहीच लिहिलं नव्हतं. पण ते ऐकून त्यांचा चेहरा असा काही फुलला की खरं बोलायला मला जागाच राहिली नाही. म्हणजे मी तसं मानून घेतलं. गाडी हलली. खिशातली गुणपत्रिका खिशातच राहिली. दोन पावसाळे गेले आणि नाना गेल्याचं त्यांच्या भावाचं कार्ड आलं. मजकूर चार ओळींचा. वडिलांनी तो मला दोनदा वाचायला लावला.

मी पुढे कारखाना सोडला, मास्तर झालो. बऱ्याच दिवसांनी एकदा दसऱ्याच्या दिवशी उधन्यातून जात होतो. जुन्या कारखान्याला माळा लावलेल्या. आत गेलो. शेठ नवे, माणसं नवी, एकही ओळखीचा चेहरा नाही. कोपऱ्यात लंगडा होता. ठोकळा तोच. ठोकळ्यावर नारळ, पुढे स्पॅनर, आणि डाव्या पायाला हळदीची चिंधी.

मी काढून टाकल्यावर ती पुन्हा कधी बांधली, कुणी बांधली, मला माहीत नाही. मी असेपर्यंत तरी नव्हती.

तिथे एक ओरिसाकडचा कारागीर उदबत्ती लावत होता. मी हिंदीत विचारलं, "ये किसका है?"

"लंगडे बाबा का, साहब."

"किसने बताया?"

त्याने उदबत्ती ठोकळ्याच्या फटीत खोचली. "बताया किसी ने नहीं. पहले से है."

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी, नाना, खिडकी, पेपर, सगळं. इतकी वर्षं जे पोटात धरून ठेवलं होतं ते एका दमात सांगता आलं असतं, आणि हा माणूस मान डोलावून 'वा' म्हणाला असता. पाहिलं तर माझा अंगठा बोटावर घासत होता.

"आप जानते हैं बाबा की कहानी?" त्याने विचारलं. "बाप ने ऊपर से फेंक दिया था. सुबह से गिरते रहे, गिरते रहे..."

"नहीं," मी म्हणालो आणि लूमला टेकून खाली बसलो. "तुम सुनाओ."